औषधांना दाद न देणाऱ्या मायग्रेनवर बोटॉक्सची इंजेक्शने : एका उपचाराचे परीक्षण

महिन्यातले निम्म्याहून अधिक दिवस डोके दुखते आहे, प्रतिबंधक गोळ्या एकामागून एक घेऊन झाल्या आहेत आणि त्यांतली एकही लागू पडलेली नाही, अशा रुग्णापुढे न्यूरॉलॉजिस्ट जे मोजके पर्याय ठेवतात, त्यांपैकी बोटॉक्सची इंजेक्शने हा एक आहे. दीर्घकालीन मायग्रेनसाठी मी हा उपचार केवळ डोकेदुखीवर काम करणाऱ्या एका क्लिनिकमध्ये घेतला आणि अजूनही घेते आहे. हे परीक्षण त्या औषधाचे आहे, तसेच ते ज्या पद्धतीने दिले गेले त्या सेवेचेही आहे. कारण या उपचारात या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. माझे मत आधीच सांगते. औषधाचा गुण आला, आजार मात्र गेला नाही. आणि जो गुण आला, त्यात सुईइतकाच वाटा सुईच्या आधी झालेल्या तपासणीचा आणि नंतर ठेवलेल्या हिशेबाचा आहे.

हा उपचार कोणत्याही डोकेदुखीसाठी नाही, हे सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवे. तीन महिन्यांहून अधिक काळ, दर महिन्याला १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोके दुखत असेल आणि त्यांपैकी किमान ८ दिवस त्या दुखण्याला मायग्रेनचे स्वरूप असेल, तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार त्याला दीर्घकालीन मायग्रेन म्हणतात, आणि डोकेदुखीच्या प्रकारांपैकी बोटॉक्सला मान्यता आहे ती एवढ्याच आजारासाठी. महिन्यातून चारपाच वेळा येणाऱ्या अर्धशिशीवर किंवा ताणामुळे डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे दुखते त्या डोकेदुखीवर ही इंजेक्शने देऊन पाहिली गेली, पण तिथे त्यांचा भरवशाचा उपयोग दिसला नाही. म्हणजे निदान चुकले, तर उपचार चांगला असूनही वाया जातो.

या क्लिनिकच्या बाजूने माझे मत झाले ते याच कारणाने. पहिल्या भेटीत इंजेक्शनाचा विषयसुद्धा निघाला नाही. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही सगळी नावे मी सांगितल्यावर डॉक्टरांनी प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न विचारले : डोस कुठपर्यंत वाढवला होता, आणि त्या डोसवर किती आठवडे राहिलात? हे प्रश्न मला आधी कुणीही विचारले नव्हते. प्रतिबंधक औषधाचा परिणाम दिसायला पुरेशा डोसवर साधारण दोन महिने जावे लागतात. दोनतीन आठवड्यांत झोप येते किंवा हातपायांना मुंग्या येतात म्हणून सोडलेली गोळी ही ‘सोसली नाही’ या रकान्यात जाते, ‘उपयोग झाला नाही’ या रकान्यात नाही. माझ्या यादीतील एका गोळीचा डोस इतका कमी होता, की ती घेऊन पाहिली असे म्हणणेच योग्य नव्हते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. औषधांना दाद न देणारी डोकेदुखी म्हणून जी ओळखली जाते, तिच्यातील काही डोकेदुखी अशी अर्धवट उपचारांची असते, हे मला त्या खोलीत बसून पहिल्यांदा नीट उमगले.

दुसरी मोठी चौकशी वेदनाशामकांची झाली. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनचा झटका आल्यावर घ्यायच्या खास गोळ्या), ओपिऑइड (अफूवर्गातील वेदनाशामके) किंवा अनेक घटक एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवू आणि टिकवू लागतात. रोज ठणकणारे डोके धरून बसणाऱ्या माणसाला हे पटणे कठीण जाते, कारण गोळी घेतल्यावर तास-दोन तास बरे वाटते हा त्याचा रोजचा अनुभव असतो. या क्लिनिकने त्याबद्दल उपदेश केला नाही. त्यांनी एक छापील नोंदवही दिली. प्रत्येक दिवसापुढे दुखण्याची तीव्रता, मळमळ, उजेडाचा त्रास, घेतलेली गोळी आणि काम बुडाले का, एवढेच भरायचे होते. वेदनाशामकांच्या दिवसांना वरची मर्यादा घालून दिली. पुढच्या भेटीत त्या नोंदी आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर होत्या आणि सगळे बोलणे त्यांच्या आधाराने झाले.

डोकेदुखीमागे दुसरा आजार तर नाही ना, हेही तेव्हाच पाहिले गेले. क्षणार्धात शिगेला पोहोचणारे दुखणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, सोबत ताप, हातापायांतील कमजोरी, बोलण्यात किंवा दृष्टीत बदल, आडवे झाल्यावर वाढणे, पूर्वीचा कर्करोग, यांपैकी काहीही असेल तर बोटॉक्सचा विचार बाजूला ठेवून आधी त्याचा शोध घ्यावा लागतो.

आता औषधाविषयी. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवाणूपासून मिळणारे हे विष आहे, आणि विष हा शब्द ऐकून बिचकणाऱ्यांनी मात्रेचा फरक लक्षात घ्यावा. शुद्ध केलेले, अत्यल्प प्रमाणातले हे औषध डोळ्यांच्या आणि स्नायूंच्या आजारांवर कित्येक दशके वापरात आहे. १९९० च्या दशकात विल्यम बाइंडर या अमेरिकन शल्यचिकित्सकांकडे कपाळावरच्या सुरकुत्यांसाठी इंजेक्शने घेतलेल्या काही जणांनी डोकेदुखी कमी झाल्याचे सांगितले आणि तिथून या वापराचा शोध सुरू झाला. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दीर्घकालीन मायग्रेनसाठी त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. आवळलेले स्नायू सैल होतात म्हणून डोके दुखायचे थांबते, असा समज पूर्वी होता आणि अजूनही ऐकू येतो. आजची समजूत वेगळी आहे. वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांत शिरून हे औषध एसएनएपी-२५ नावाचे प्रथिन तोडते. हे प्रथिन तुटले, की सीजीआरपीसारखी वेदना पेटवणारी द्रव्ये त्या टोकांतून बाहेर पडू शकत नाहीत, आणि महिनोन्‌महिने उत्तेजित राहिलेल्या वेदनायंत्रणेला हळूहळू उसंत मिळते. सुई त्वचेत आणि स्नायूत जाते, पण तिचा रोख आतल्या चेतासंस्थेकडे असतो.

गुण किती येतो, याबाबत जाहिरातींची भाषा आणि चाचण्यांचे आकडे यांत अंतर आहे, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे. ज्या दोन मोठ्या चाचण्यांच्या बळावर ही मान्यता मिळाली, त्यांत मिळून १,३८४ रुग्ण होते. त्यांना सुरुवातीला महिन्याला सरासरी २० दिवस डोकेदुखी होती. २४ आठवड्यांनंतर बोटॉक्स घेणाऱ्यांचे दुखण्याचे दिवस सरासरी ८.४ ने कमी झाले. नुसत्या मिठाच्या पाण्याची इंजेक्शने घेणाऱ्यांचे ६.६ ने. औषधाचा स्वतःचा, निर्विवाद वाटा म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक, आणि तो फार मोठा नाही. ज्यांना हा फरक तुटपुंजा वाटतो त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. तरीही मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण सरासरीच्या आत फार वेगवेगळी माणसे लपलेली असतात : काहींना काहीच फरक पडत नाही आणि काहींचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर येतात. तुम्ही यांतले कोण, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच नोंदवहीला इतके महत्त्व आहे.

प्रत्यक्ष इंजेक्शनांची पद्धत जगभर जवळजवळ ठरलेली आहे : कपाळापासून खांद्यापर्यंत सात स्नायूगटांतल्या ३१ जागा, प्रत्येक जागी ५ युनिट, एकूण १५५ युनिट, आणि दर १२ आठवड्यांनी पुन्हा. दोन भुवयांच्या मधल्या भागात तीन, कपाळावर चार, दोन्ही कानशिलांत मिळून आठ, डोक्याच्या मागच्या बाजूला सहा, मानेच्या वरच्या भागात चार आणि खांद्यांवर सहा. दुखणे एका बाजूला जास्त असेल, तर डॉक्टर त्या भागात आणखी काही जागा वाढवू शकतात. तेव्हा मात्रा १९५ युनिटपर्यंत जाते.

माझ्या डॉक्टरांनी सुई हातात घेण्यापूर्वी बोटांनी मान आणि खांदे बराच वेळ चाचपले, डोके मागेपुढे करायला लावले आणि कुठे दाबल्यावर दुखते ते टिपून घेतले. सुई केसासारखी बारीक असते. भुवयांमधल्या जागी ती जाताना त्वचेखाली बारीकसा करकर असा आवाज स्वतःलाच ऐकू येतो. तो आधी सांगितला गेला नसता, तर मी दचकले असते. कपाळावर प्रत्येक टोचणीपाशी मण्याएवढी फुगवटी उठते आणि थोड्या वेळात बसून जाते. कानशिलांत चुरचुर जास्त होते आणि डोळ्यांत पाणी येते. डोक्याच्या मागच्या भागात मात्र मला टोचणे जवळजवळ जाणवले नाही. डॉक्टर प्रत्येक जागेचे नाव आणि अंक मोठ्याने म्हणत होत्या, शेजारची परिचारिका आकृतीवर खूण करत होती. सगळा प्रकार पाव तासाच्या आत आटोपला. त्या दिवशी टोचलेल्या जागा चोळायच्या नाहीत आणि जोराचा व्यायाम करायचा नाही, एवढीच पथ्ये होती. भूल दिली जात नाही आणि तिची गरजही पडत नाही.

गुण लगेच येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत मला काहीही फरक जाणवला नाही. त्यानंतर जो बदल झाला तो दिवसांच्या संख्येत कमी आणि दुखण्याच्या धारेत जास्त होता : मळमळ मागे सरली, आणि ट्रिप्टानची गोळी, जी पूर्वी बहुधा फुकट जायची, ती वेळेवर घेतल्यास काम करू लागली. दुखण्याचे दिवस ठळकपणे कमी झाले ते दुसऱ्या फेरीनंतर, आणि तिसऱ्या फेरीनंतर ते पूर्वीच्या साधारण निम्म्यावर स्थिरावले. चाचण्यांच्या नोंदींतही असेच चित्र आहे : ज्यांना गुण येतो त्यांतील बऱ्याच जणांना तो पहिल्या फेरीतच जाणवतो, पण काहींना दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीपर्यंत थांबावे लागते. एका फेरीनंतर उपचार सोडून देणाऱ्यांबद्दल म्हणूनच मला मनापासून हळहळ वाटते. त्याच वेळी, तीन फेऱ्यांनंतरही नोंदवही जागची हलली नसेल, तर आशेवर पुढच्या फेऱ्या घेत राहणेही योग्य नाही.

औषधाचा एक दोष मला प्रत्येक फेरीत जाणवतो. दहाव्या आठवड्याच्या सुमारास परिणाम ओसरू लागतो आणि शेवटचे दोन आठवडे जड जातात. हे अनेकांना होते. त्यामुळे पुढची तारीख पुढे ढकलली गेली, की त्याचा त्रास थेट डोक्याला भोगावा लागतो, आणि या सेवेविषयी माझी एकमेव खरी तक्रार इथेच आहे. क्लिनिकने एकदा माझी तारीख कळवाकळवीच्या घोळात दोन आठवड्यांनी लांबवली, फोन केल्यावर समोरून नीट उत्तर मिळाले नाही, आणि त्या मधल्या काळात महिनोन्‌महिने सांभाळलेली वेदनाशामकांची मर्यादा ओलांडली गेली. ज्या उपचाराचे यश वेळापत्रकावर इतके अवलंबून आहे, तिथे पुढच्या फेरीची तारीख उठण्यापूर्वीच ठरवून हातात मिळाली पाहिजे. आता मी ती मागून घेते.

दुष्परिणामांपैकी मानेचे दुखणे सर्वांत जास्त आढळते. चाचण्यांत दर शंभरामागे सुमारे नऊ जणांना ते झाले, तर पापणी खाली उतरण्याचा त्रास सुमारे चार जणांना. पहिल्या फेरीनंतर माझी मान काही दिवस इतकी थकलेली होती, की संध्याकाळी डोके टेकवल्याशिवाय बसवत नसे. पुढच्या वेळी डॉक्टरांनी मानेतल्या टोचण्या थोड्या वर, कवटीच्या कडेजवळ घेतल्या आणि तो त्रास पुन्हा झाला नाही. पापणी उतरणेही बहुधा कपाळावरची सुई फार खाली गेल्याने होते आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. म्हणजे हे दोन्ही त्रास बऱ्याच अंशी टोचणाऱ्या हातावर अवलंबून आहेत. सौंदर्योपचारासाठी बोटॉक्स देणारे अनेक जण असतात, पण कपाळ गुळगुळीत करण्याची पद्धत आणि मायग्रेनची ही ३१ जागांची पद्धत यांत फार अंतर आहे. डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे वगळून केवळ कपाळावर इंजेक्शने देणाऱ्याकडे मायग्रेनसाठी जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे औषधाचे नेमके नाव. बॉट्युलिनम टॉक्सिन वेगवेगळ्या कंपन्या बनवतात आणि एकाचे युनिट दुसऱ्याच्या युनिटाइतके नसते. वर दिलेली सगळी मात्रा ओनाबॉट्युलिनमटॉक्सिन-ए या प्रकाराची, म्हणजे बोटॉक्सची आहे. औषध बदलले, तर १५५ हा आकडा निरर्थक होतो. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखे चेता-स्नायूंचे आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगणे अत्यावश्यक आहे, आणि गर्भारपणात हा उपचार सामान्यतः टाळला जातो. इंजेक्शनांनंतर काही दिवसांनी गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर तो दुर्मीळ पण गंभीर इशारा आहे आणि त्यासाठी तातडीने रुग्णालय गाठावे.

बोटॉक्सशिवाय इतर मार्ग नाहीत असे नाही. २०१८ पासून सीजीआरपीलाच रोखणारी प्रतिपिंडांची इंजेक्शने उपलब्ध झाली : एरेनुमॅब, फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब ही त्यांतली पहिली नावे. ती महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा त्वचेखाली घ्यायची असतात, घरी स्वतः घेता येतात आणि त्यांना टोचणाऱ्याच्या कौशल्याची फारशी गरज नसते, हा त्यांचा मोठा फायदा. अमेरिकन हेडेक सोसायटीने २०२४ मध्ये ही औषधे सुरुवातीच्या पर्यायांतच गणावीत, आधी इतर गोळ्या निष्फळ ठरण्याची अट नसावी, अशी भूमिका घेतली. माझ्या डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले होते. मान आणि डोक्याची मागची बाजू हा माझ्या दुखण्याचा मुख्य भाग असल्याने आणि मला पूर्वीपासून बद्धकोष्ठाचा त्रास असल्याने, जो एरेनुमॅबने वाढू शकतो, आम्ही बोटॉक्सपासून सुरुवात केली. दुसऱ्या कुणासाठी हाच निर्णय उलटा योग्य ठरू शकतो. वेदनाशामके कमी करण्याच्या अवघड आठवड्यांत मला डोक्याच्या मागच्या चेतेभोवती बधिरतेचे इंजेक्शन देऊन थोडा आधार दिला गेला. त्याचा परिणाम अल्पकाळ टिकतो, पण त्या काळात तेवढाही पुरेसा होता.

कुणी विचारले, तर हा उपचार मी सुचवेन तो दीर्घकालीन मायग्रेनचे निदान पक्के झालेल्या, किमान दोनतीन प्रतिबंधक औषधे योग्य डोसमध्ये घेऊन पाहिलेल्या आणि रोजची नोंद ठेवायला तयार असलेल्या माणसाला. ज्याला डोकेदुखी कायमची जावी अशी अपेक्षा आहे, त्याची निराशा होईल. निवडायचे क्लिनिक असे असावे, की जिथे टोचणारी व्यक्ती ही पद्धत नेहमी वापरते, दर फेरीला नोंदवही उघडून बघते आणि उपचार केव्हा थांबवायचा हेही आधी सांगते. सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत याची शिफारस करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये घालून दिलेला नियम इथे उपयोगी पडतो : दोन फेऱ्यांनंतर डोकेदुखीचे दिवस ३० टक्क्यांनी कमी झाले नाहीत तर थांबावे, आणि सलग तीन महिने ते १५ च्या खाली राहिले तरीही थांबून पाहावे. यातला दुसरा भाग रुग्णाला सांगायचा राहून जातो. माझ्या नोंदी आता त्या रेषेच्या खाली आल्या आहेत, आणि येत्या भेटीत पुढची फेरी घ्यायची की अंतर वाढवून पाहायचे, हाच आमच्या बोलण्याचा विषय असणार आहे.